जेठजींचं नाव

आपण नाव घ्यायला काही हरकत नाही, आपण कुणी त्या घरच्या सुना नाही. उमेदवाराचं नाव भिकनभाई. तापीकाठच्या एका लहानशा कसब्यातल्या गुजर गल्लीचे ते पुढारी. केळीचे मळे, दोन बैलजोड्या, शब्दाला पक्के आणि स्वभावाला हट्टी. १९३८ सालच्या माघ महिन्यात नगरपालिकेच्या एका रिकाम्या झालेल्या जागेसाठी ते उभे होते, आणि मतदानाच्या दिवशी त्यांची धाकटी भावजय पार्वतीबाई गल्लीतल्या अठ्ठावीस बायका गोळा करून सकाळी नऊलाच मराठी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली होती.

नव्या यादीत घरपट्टी भरणाऱ्यांच्या बायकांचीही नावं आली होती. 'पार्वती भ्रतार मगन' असं तिचं नाव कारकुनानं वाचून दाखवलं तेव्हा तिला आधी हसू आलं होतं. मग मात्र तिनं कंबर कसली. महिनाभर ती घरोघर फिरली. चुलीपाशी, धुण्याच्या दगडापाशी, जिथं बाई दिसेल तिथं तिनं एकच सांगितलं, "आपला मानुसले मत देजो, बाई. भुलजो नको." आणि आपला माणूस म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. गल्लीतल्या प्रत्येकीचे भिकनभाई कुणी ना कुणी लागत: कुणाचे सासरे, कुणाचे चुलतसासरे, कुणाचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पार्वतीबाईचे ते सख्खे जेठ. बावीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर पदर वर केला नव्हता, त्यांच्याशी शब्द बोलली नव्हती आणि त्यांचं नाव तर स्वप्नातसुद्धा घेतलं नव्हतं. ते नाव अठ्ठावीसपैकी एकीनंही कधी उच्चारलं नव्हतं. ह्यात पुढं काही अडचण येईल असं त्या शहाण्या बाईच्या डोक्यात आलं नाही, आणि पुरुषांच्या डोक्यात तर अशा गोष्टी येतच नाहीत.

तिला ही जागा का हवी होती तेही सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाची पहिली बायको बाळंतपणात गेली. तीन दिवस आणि तीन रात्री ती पोर ओरडत होती, सुईण तेल चोळत होती, आणि पार्वतीबाईनं तिचा हात धरून ठेवला होता. हात गार पडल्यावरही तो तिला सोडवेना. त्या दिवसापासून भिकनभाईंनी ध्यास घेतला की गावात शिकलेली नर्स आणायची. सुनेला धुळ्याच्या इस्पितळात पाठवा असं कुणी म्हटलं की ते उसळत. आपल्या घरची बाई परक्या पुरुषांच्या हाताखाली जाणार नाही, हे त्यांचं ठाम. पण नर्स घरी येऊ शकते. नगरपालिकेत एका मतानं ठराव झाला आणि सरलाबाई नावाची नाशिककडची नर्स सहा महिन्यांच्या बोलीवर आली. मग ठरावाला मत देणारा एक सभासद वारला. समोर उभे असलेले पेठेतले किशनलाल शेठ उघड म्हणत होते की नर्सचा खर्च कराचं ओझं वाढवतो, येत्या सोमवारच्या बैठकीत तिला निरोप द्यायचा. ते निवडून आले की नर्स गेलीच. आणि घरात मुलाची दुसरी बायको सोनी आठवा महिना संपवत आली होती. सरलाबाईनं पोट तपासून पार्वतीबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मूल पायाकडून आहे. ह्या वेळी मी हजर असलेच पाहिजे."

तर अशी ती शाळेच्या ओट्यावर बसली होती. सरलाबाई नगरपालिकेची नोकर, म्हणून तिला मतदानाच्या जागेजवळ फिरकायचीही बंदी होती. भिकनभाई चुन्याच्या रेघेपलीकडे, शंभर पावलांवर, कापडी मांडवात बसले होते. शाळेच्या खोलीत फक्त चार माणसं: तालुक्याहून आलेले साहेब, दारात एक शिपाई आणि दोन्ही उमेदवारांचा एकेक एजंट. किशनलाल शेठचा एजंट त्यांचा मुनीम इंदरमल. भिकनभाईंचा एजंट त्यांचा धाकटा भाऊ मगन, म्हणजे पार्वतीबाईचा नवरा.

पहिली आत गेली प्रमिलाबाई, गल्लीतली सगळ्यात धीट. बराच वेळ झाला. मग ती बाहेर आली, पदराआडून रडत.

"काय व्हयनं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"साहेब म्हने, कोनले मत देवानं त्यानं नाव तोंडघाई सांग. माले वाचता येत नही, तर साहेबच कागदवर खून करतस. पन नाव मीच सांगाले जोइजे म्हने." प्रमिलाबाईनं नाक पुसलं. "मी कसं सांगू, माय? तठे मगनभाऊ बठेल शेतस."

 अठ्ठावीस बायकांना एकाच वेळी कळलं. 

तिनं धीर करून दारापाशी जाऊन शिपायाकरवी साहेबांना विचारलं. साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा पुसत त्यांनी शांतपणे नियम सांगितला: निरक्षर मतदारानं नाव स्वतः सांगायचं. मी दोन्ही नावं वाचून दाखवली तर ते सुचवणं होतं. बोटानं दाखवणं चालत नाही. सोबत दुसरी बाई आणायची परवानगी फक्त आंधळ्याला.

"मंग त्यासले भायेर काढा," पार्वतीबाई पदराआडून म्हणाली. त्यासले म्हणजे आपल्याच नवऱ्याला.

"एजंटला बसायचा हक्क कायद्यानं दिलाय, बाई. मी त्याला काढू शकत नाही. त्यानं मतदाराशी बोलू मात्र नये." आणि साहेबांनी मगनकडे पाहिलं, कारण प्रमिलाबाई गप्प उभी असताना मगन न राहवून "बोल ना, वहिनी," असं म्हणून गेला होता. "ह्यांना मी एकदा ताकीद दिली आहे. पुन्हा तोंड उघडलं तर यांची नेमणूक रद्द."

मगन बाकावर खाली मान घालून बसला होता. इंदरमलच्या ओठांवर हसू होतं, पण त्यानं ते मिशीत ठेवलं.

पुढं तासाभरात सात बायका आत गेल्या आणि सात बायका मुक्यानं बाहेर आल्या. नवऱ्याचं नाव यादीतून वाचलं जाई, मगननं मान हलवली की ओळख पटे, तिथवर सगळं सुरळीत. मग साहेब विचारत, "मत कोणाला?" आणि बाईच्या पदरात काही हालचाल होत नसे. दोघींनी प्रयत्न केला. एक म्हणाली, "मन्ह्या सासरासले." साहेब म्हणाले, सासरा उमेदवार नाही, नाव सांगा. दुसरी म्हणाली, "केळीना मळावाला." तेही चाललं नाही. पार्वतीबाई ओट्यावर बसून एकेकीला बाहेर येताना बघत होती आणि तिला दर खेपेला सोनीचं पोट आठवत होतं.

दुपारी पेठेतल्या चार मारवाडी बायका आल्या. त्यांच्यात उमरावबाई होती, किशनलाल शेठच्या धाकट्या भावाची बायको. गेल्या दिवाळीत सरलाबाईनं तिची बाळंतीण लेक वाचवली होती, त्यामुळं पार्वतीबाईशी तिची ओळख. उमरावबाई आत गेली तशी लगेच बाहेर आली. चपला घालता घालता पार्वतीबाईच्या कानाशी वाकली.

"मन्ह्या जेठनं नाव मी कशी लेऊ? पाप लागी. मंग दुसरं नाव शे ते ली दिनं." आणि डोळा बारीक करून ती निघून गेली. घरी विचारलं तर तिला खरंच सांगता येणार होतं की बाई, मी मर्यादा मोडली नाही.

पार्वतीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिकनभाईंचं नाव आपल्याला घेता येत नाही, पण किशनलालचं कुणीही घेऊ शकतं. तो आपला कोण लागतो? दोनच तर उमेदवार आहेत. मग साहेबांना सांगायचं, "किशनलाल नही." नाही म्हटलं की उरला तो एकच. तिनं बायकांना जवळ घेऊन दोनदा पाठ करून घेतलं. बायका हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा. प्रमिलाबाई पुन्हा रांगेत उभी राहिली.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "व्हयनं! साहेबनी खून करी कागद पेटीमा टाक दिना."

मग एकामागून एक. दुसरी गेली, खूण झाली. तिसरी, चौथी, पाचवी. पार्वतीबाईनं पदराच्या टोकाला पाच गाठी मारल्या. मनातल्या मनात तिनं सोनीचं बाळंतपण पार पाडलं, मुलाला आंघोळसुद्धा घातली.

सहावी आत जाणार तेवढ्यात मगन लघवीचं निमित्त काढून बाहेर आला आणि शाळेच्या मागच्या भिंतीआड गेला. जाता जाता त्यानं बायकोकडं असं पाहिलं की बायकांना हातानंच थांबवून ती मागोमाग गेली.

"काय करी ऱ्हायन्यात तुम्ही?" तो दात आवळून म्हणाला. "पाच मतं किशनलालले देई दिधात!"

"आम्ही तर नही म्हनतस..."

"किशनलाल मोठ्याघाई म्हनतस, आन नही पदरमाच ऱ्हास! साहेब विचारतस, किशनलाल ना? इंदरमल लगेच म्हनस, नाव लिधं ना साहेब, करा खून. आन बाई मुंडी हालाडस! माले बोलाले बंदी शे. मी तठे बठी बठी मराले टेकनू."

 ती भिंतीला टेकली. पाच गाठी तिच्या मुठीत होत्या. ह्या पाच बायकांना तिनंच शिकवलं होतं, तिनंच आत पाठवलं होतं, आणि पेटीत पडलेला कागद आता देवसुद्धा बाहेर काढणार नव्हता.

"तुम्ही आत जाऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही नही ऱ्हायनात ते बाया नाव लेतीन. इंदरमल परका शे, त्यानासमोर कशीबशी लेतीन. घरना मानुससमोर नही लेवावस."

"मी उठनू ते इंदरमल एकलाच ऱ्हाई. भाईनी माले बठाडेल शे. भाईले विचार." एवढं बोलून तो आत गेला. भाईचा शब्द पडू द्यायचा नाही, एवढंच मगनला जन्मभर येत आलं होतं.

भाईला विचार. बावीस वर्षांत जी गोष्ट झाली नाही ती करायला पार्वतीबाई चुन्याची रेघ ओलांडून मांडवाकडे निघाली. ऊन कलायला लागलं होतं. मांडवातल्या पुरुषांनी तिला येताना पाहिलं आणि बोलणं थांबवलं. ती मांडवाच्या बांबूपाशी उभी राहिली, पदर छातीपर्यंत ओढला आणि रीतीप्रमाणं बांबूलाच सांगू लागली.

"बाया नाव लेवाले लाजतस. घरना मानूस तठून उठाडा. एक चिठ्ठी द्या साहेबले, का मन्हा एजंट आते नको. नही ते नर्स जाई. सोनी जाई."

भिकनभाई तिच्याकडे पाहत नव्हते, ते मर्यादेला धरूनच होतं. पण त्यांचे कान लाल झाले. आपलं नाव आपल्याच घरच्या बायका परक्या साहेबासमोर, इंदरमलसमोर एकामागून एक घेणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. नर्ससाठी दोन वर्षं झगडलेला हा माणूस, पण त्या एका जागी अडला.

"मन्ह्या घरन्या बाया मन्हं नाव लेतीन? चार मानसेंमा?" तेही बांबूकडे बघूनच बोलले. "मी हारसू. पन आसं नही व्हवावं. मगन बठी तठेच."

"सोनीनं पोर पायाळू शे," पार्वतीबाई म्हणाली. आवाज फुटला. पुरुषांच्या मांडवात असं बोलत नाहीत. कुणी खाकरलं, कुणी दुसरीकडे बघू लागलं. 

ती परत आली तेव्हा बायका निम्म्यावर आल्या होत्या. गुरं घरी यायची वेळ झाली, पोरं रडत असतील, म्हणून बाकीच्या उठून गेल्या होत्या. साडेचार वाजले होते. पाचला दार बंद. पार्वतीबाईनं कुणाशी न बोलता शिपायाला आपलं नाव सांगितलं आणि ती आत गेली.

खोलीत शाईचा वास होता. फळ्यावर काल शिकवलेला पाढा तसाच होता. साहेबांनी यादीत बोट ठेवलं. मगननं मान हलवली.

"मत कोणाला, बाई?"

तिनं तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. आपल्या बोलण्यानं घराला काय लागेल, जेठजींचं आयुष्य कमी होईल का, नवरा तोंड बघेल का, सगळं एकदम तिच्या छातीवर येऊन बसलं. पदराखालून तिला फक्त मगनचे गुडघे दिसत होते. मग तिला तो गार पडलेला हात आठवला. दोन वर्षांत एक दिवस ती तो विसरली नव्हती.

"भिकन," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. मगननं डोळे मिटले. इंदरमल मात्र सावरून बसला. "भिकन तं गावमा धा शेतस, साहेब. कोनता भिकन? बापनं नाव पन लेवाले जोइजे."

बापाचं नाव म्हणजे तिच्या सासऱ्याचं. पार्वतीबाई भिंतीसारखी उभी राहिली. पण साहेबांनी चष्म्यावरून इंदरमलकडे पाहिलं. "उमेदवारांत भिकन एकच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

बाहेर येऊन तिनं उरलेल्या बायकांना सांगितलं, "मी ली. मन्ही जीभ झडनी नही. आते तुम्ही चाला." त्या तिच्याकडे बघत राहिल्या, जणू तिनं भर चौकात काही टाकून दिलं होतं. अखेर सहाजणी उठल्या. दार बंद होईपर्यंत चौघींना आत जाता आलं, चौघींनी नाव घेतलं. एकीला तर बाहेर आल्यावर ओकारी झाली.

मतं मोजताना आत दोन्ही उमेदवार, त्यांचे एजंट आणि साहेब एवढेच. बायकांना शिपायानं रेघेपलीकडे घालवलं. पार्वतीबाई मांडवाच्या सावलीत उकिडवी बसून राहिली. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि आधी हार आला तो किशनलाल शेठच्या गळ्यात. एक्याऐंशी आणि सत्याहत्तर. पार्वतीबाईला वाचता येत नसे, पण एवढा हिशेब तिला बोटांवर येत होता. पाच गाठी तिथं नसत्या तर जागा एका मतानं आपली होती.

भिकनभाई तिच्यासमोरून गेले, मगन त्यांच्या मागं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मगननं भावाला सांगितलं असणार, कारण पार्वतीबाई पाण्याचा तांब्या ठेवायला ओटीच्या दारापर्यंत गेली तेव्हा भिकनभाई भिंतीला म्हणाले, "सीट गई ते गई. घरनी मर्यादा पन गई." मगननं तांब्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई सोनीला तपासायला आली. मूल अजून फिरलं नव्हतं. तिनं सोनीच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन पार्वतीबाईला म्हणाली, "सोमवारी ठराव झाला की मला बुधवारी जावं लागेल. हिला इथं सुईणीच्या हाती ठेवू नका हो. मी आजच रजा टाकून धुळ्याच्या इस्पितळात चाललेय, तिथं माझी बहीण आहे. हिला माझ्याबरोबर द्या. त्याहून जास्त मी काय करू?" तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

घरातून सुनेला बाहेर पाठवायचं तर हुकूम लागतो एकाचाच. पार्वतीबाईनं आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. सोनी कुशीवर पडून भिंतीवरचा गिलावा नखानं खरवडत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ह्या घरात आधी एक सून होती एवढं तिला माहीत होतं.

ओटीवर भिकनभाई, मगन आणि हरल्याबद्दल समाचाराला आलेले चारपाच भाऊबंद बसले होते. पार्वतीबाई दाराच्या आड थांबली नाही. उंबरा ओलांडून ती ओटीवर आली आणि भिंतीकडे नाही, बांबूकडे नाही, जेठजींकडे तोंड करून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"भिकनभाई," ती म्हणाली.

मगन अर्धा उठला. कुणाच्या तरी हातातली चिलीम खाली पडली.

"भिकनभाई, गाडी जोडा. सोनीले धुळे लई जानं शे. सरलाबाई संगे शे." भिकनभाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. तिला वाटलं, आता हे उठून मला घराबाहेर काढतील. काढू देत. "काल नाव लेवाले उशीर करा, पाच मतं गयी. आज उशीर करसूत ते ती जाई. मन्हा हातमा जाई. माले आते परत तो हात धराना नही."

 मग भिकनभाई उठले. जोडे कुठं आहेत ते त्यांना सापडेनात, तसेच अनवाणी ते गोठ्याकडे गेले, आणि बैलांना हाक मारलेली आतपर्यंत ऐकू आली.